यादवीनंतरच्या बैरूतचा अभ्यास: व्हिसा, परवानग्या आणि कागदपत्रांचा अनुभव

बैरूत शहराचा मध्यभाग 1975 ते 1990 या यादवी युद्धानंतर पुन्हा कसा उभा राहिला, हा माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय होता. 2017 साली मी पुण्यात नावनोंदणी केली, 2018 आणि 2023 अशा दोन टप्प्यांत लेबनॉनमध्ये राहून काम केले, आणि जून 2025 मध्ये मौखिक परीक्षा होऊन ते काम संपले. सुरुवात केली तेव्हा भारतीय पासपोर्टवर लेबनॉनमध्ये जाऊन संशोधन कसे करायचे, कोणते कागद लागतात, कुठे थांबावे लागते, याविषयी मराठीत एक ओळही मला सापडली नव्हती. वास्तुरचना, इतिहास किंवा राज्यशास्त्राचा जो कोणी विद्यार्थी पुढे त्या वाटेने जाईल, त्याला अंदाज यावा म्हणून हे सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. लेबनॉनचे क्षेत्रफळ 10,452 चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. त्रिपोली, जुबैल, बैरूत, सैदा आणि सूर ही किनाऱ्यावरची शहरे हजारो वर्षे जुनी आहेत. याच किनाऱ्यावरून फिनिशियन व्यापारी देवदाराचे लाकूड इजिप्तला पाठवत असत. देशात 18 धर्मपंथांना अधिकृत मान्यता आहे, विवाह आणि घटस्फोट हे विषय त्या त्या पंथाच्या न्यायालयांकडे आहेत, आणि सत्तेची वाटणीही पंथनिहाय असल्यामुळे 1932 नंतर तिथे जनगणनाच झालेली नाही. 13 एप्रिल 1975 रोजी बैरूतच्या ऐन अल-रुम्माने या उपनगरात एका बसवर गोळीबार झाला आणि युद्धाला तोंड फुटले. 1989 च्या ताइफ करारानंतर, 1990 च्या अखेरीस ते थांबले. तोवर सुमारे दीड लाख माणसे मारली गेली होती. त्याच करारानुसार ‘लेबनॉन हा अरब ओळखीचा देश आहे’ असे राज्यघटनेत लिहिले गेले आणि संसदेच्या जागा ख्रिस्ती व मुस्लिम यांच्यात निम्म्या-निम्म्या वाटल्या गेल्या. ऑगस्ट 1991 मध्ये सर्वसाधारण माफीचा कायदा झाला आणि युद्धकाळातल्या बहुतेक गुन्ह्यांवर पडदा पडला. जे झाले ते मागे टाकून बांधकामाला लागायचे, असे देशाने एका अर्थाने कागदावरच ठरवले होते. त्या कागदात कोण आले आणि कोण राहून गेले, हे मला शोधायचे होते.

पहिली पायरी व्हिसाची. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील एका प्राध्यापकांनी निमंत्रणपत्र दिले. त्यासोबत सहा महिन्यांचे बँक विवरण, माझ्या विद्यापीठाचे पत्र, जाण्यायेण्याच्या तिकिटाचे आरक्षण आणि राहण्याचा पत्ता असे सगळे कागद घेऊन नोव्हेंबर 2017 च्या पहिल्या आठवड्यात मी दिल्लीतील लेबनॉनच्या दूतावासात अर्ज दिला. पासपोर्टवर इस्रायलचा शिक्का असेल तर प्रवेश मिळत नाही, हे बहुतेकांना ठाऊक असते. नावाची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. लेबनॉनमधल्या जवळपास प्रत्येक अर्जात वडिलांचे आणि आईचे नाव स्वतंत्रपणे विचारले जाते, आणि मधले नाव वडिलांचेच असणार असे गृहीत धरले जाते. आपल्याकडे लग्नानंतर अनेक स्त्रियांच्या पासपोर्टवर मधले नाव नवऱ्याचे असते, माझेही आहे. त्यामुळे माझे मधले नाव आणि अर्जातले वडिलांचे नाव जुळेना. जन्मदाखल्याची आणि विवाह प्रमाणपत्राची साक्षांकित इंग्रजी प्रत जोडल्यावर तो प्रश्न सुटला. विवाहित मराठी स्त्रियांनी हे दोन कागद पहिल्या दिवसापासून फाइलमध्ये ठेवावेत. पुढे प्रत्येक खिडकीवर मला त्यांचा उपयोग झाला.

अर्ज दिला त्याच आठवड्यात, 4 नोव्हेंबरला, पंतप्रधान साद हरीरी यांनी रियाधमधून दूरचित्रवाणीवर राजीनामा जाहीर केला. देशाचा पंतप्रधान परक्या राजधानीत बसून राजीनामा देतो आणि त्याला तिथे अडकवून ठेवले आहे की काय अशी चर्चा जगभर चालते, अशा वेळी एका संशोधक विद्यार्थिनीच्या अर्जाकडे कोण पाहणार, असे वाटून मी हवालदिल झाले होते. व्हिसाची मंजुरी शेवटी बैरूतहून, तिथल्या ‘जनरल सिक्युरिटी’ या विभागाकडून येते, आणि दूतावासात विचारले की उत्तर नेहमी एकच मिळे: अजून कळवलेले नाही. हरीरी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात परतले, डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांनी राजीनामा मागे घेतला आणि जानेवारीत माझी मंजुरी आली. व्हिसा हाती पडेपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट काढू नये, आणि अर्जात बैरूतमधल्या एखाद्या माणसाचा चालू मोबाइल क्रमांक अवश्य द्यावा, कारण चौकशीचा फोन त्यालाच जातो. दिल्लीचा प्रवास, साक्षांकन, कुरिअर आणि व्हिसा शुल्क मिळून माझे चौदा हजार रुपयांच्या आसपास खर्च झाले.

फेब्रुवारी 2018 मध्ये मी पोचले आणि शहराच्या पूर्वेकडील जइतावी या जुन्या वस्तीत महिना 450 डॉलर भाड्याने एक खोली घेतली. तेव्हा एका डॉलरला साधारण 1,507 लिरा हा दर 1997 पासून बांधलेला होता आणि दुकानात दोन्ही चलने सारखीच चालत. बैरूतमध्ये दररोज ठरावीक तीन तास सरकारी वीज जात असे, आणि त्या वेळेपुरती गल्लीतल्या खाजगी जनरेटरवाल्याकडून अँपिअरच्या हिशेबाने जोडणी घ्यावी लागे. पाच अँपिअरसाठी मी महिन्याला चाळीसेक डॉलर देत होते आणि तेवढ्यात फ्रीज व दिवे चालत. इस्त्री लावली की खटका पडे. युद्धात कोलमडलेली वीज व्यवस्था पुढल्या अठ्ठावीस वर्षांत पूर्ण सुरू झालेली नव्हती, आणि दरम्यान जनरेटरवाल्यांचा धंदा मात्र इतका पक्का झाला होता की सरकारचे एक मंत्रालय दर महिन्याला त्यांचे दर जाहीर करत असे. खोली ठरवताना भाड्यात जनरेटर धरला आहे का, हा प्रश्न आधी विचारावा. शहरात फिरण्यासाठी ‘सर्व्हीस’ ही शेअर टॅक्सी आहे. लाल नंबरपट्टीची गाडी थांबली की खिडकीतून ठिकाण सांगायचे. चालकाने हनुवटी वर करून जिभेने ‘च्’ केले तर नकार, मान हलवली तर बसायचे. तेव्हा एका माणसाचे दोन हजार लिरा पडत.

व्हिसाची मुदत संपत आली तेव्हा मुदतवाढीचे काम निघाले. त्यासाठी आधी मोहल्ल्याच्या ‘मुख्तार’ची सही लागते. मुख्तार म्हणजे वस्तीतून निवडून आलेला माणूस, जो तुमच्या फोटोवर आणि पत्त्यावर शिक्का मारून ‘ही व्यक्ती इथे राहते’ असे लिहून देतो. आमचे मुख्तार एका छोट्या दुकानवजा कार्यालयात बसत. त्यांच्या टेबलावर शिक्क्यांचा गोल स्टँड, शाईचे दोन पॅड आणि चिकटवायचे मुद्रांक ठेवलेला पत्र्याचा डबा असे. ते मुद्रांक ओल्या स्पंजवर हलकेच टेकवून अर्जावर लावत, त्यावर निम्मी मुद्रांकावर आणि निम्मी कागदावर येईल अशी सही करत, मग शिक्का मारत आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात देत नसत. भाडेकरार, निमंत्रणपत्र, पासपोर्टच्या आणि प्रवेशशिक्क्याच्या प्रती असे सारे घेऊन जनरल सिक्युरिटीच्या कार्यालयात गेले, पासपोर्ट तिथे ठेवून घेतला गेला आणि त्याबदली एक अरबी पावती मिळाली. तपासणी नाकी जागोजागी असलेल्या शहरात पासपोर्टशिवाय नुसत्या पावतीवर फिरताना पहिले काही दिवस मला सतत धास्ती वाटे. पुढे सवय झाली, पण पावतीचा फोटो मोबाइलमध्ये आणि एक प्रत घरी ठेवण्याचा नियम मी मोडला नाही. अर्ज अरबीत भरावे लागतात. घरमालकिणीच्या मुलीने ते मला भरून दिले.

त्या कार्यालयापासून राष्ट्रीय संग्रहालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. माझे काम खऱ्या अर्थाने तिथे सुरू झाले. दमास्कस रस्ता ही युद्धात पूर्व आणि पश्चिम बैरूतची सीमारेषा होती. माणसे नसलेल्या रस्त्यावर गवत आणि झुडपे माजली, म्हणून तिला ‘हिरवी रेषा’ म्हणत. संग्रहालय नेमके त्या रेषेवर, आणि त्याच्यासमोरचा चौक म्हणजे शहराच्या दोन भागांमधल्या मोजक्या ओलांडण्याच्या जागांपैकी एक. 1975 मध्ये गोळीबार सुरू झाला तेव्हा संग्रहालयाचे प्रमुख मॉरिस शिहाब आणि त्यांच्या पत्नी ओल्गा यांनी लहान वस्तू तळघरात हलवून पुढे काँक्रीटच्या भिंती घातल्या, जमिनीवरची मोझेक प्लास्टिकने झाकून वर काँक्रीटचा थर टाकला, आणि हलवता न येणाऱ्या दगडी शवपेट्यांभोवती लाकडी साचे उभारून त्याही काँक्रीटमध्ये बंद केल्या. सशस्त्र टोळ्या त्या इमारतीत वर्षानुवर्षे राहिल्या, भिंतींवर लिहून गेल्या, पण आत काय आहे ते त्यांना कळले नाही. फिनिशियन लिपीतला मोठा शिलालेख ज्यावर आहे ती जुबैलचा राजा अहिराम याची शवपेटी अशीच वाचली. साचे फोडले गेले ते 1990 च्या दशकात. तळघर तर लोकांसाठी 2016 साली उघडले. तिकीट पाच हजार लिरा होते.

तिथे माझा बराच वेळ दोन गोष्टींपुढे गेला. भिंतीवरच्या एका मोझेकच्या खालच्या बाजूला वाटोळे भगदाड आहे. युद्धात बंदुकीने नेम धरण्यासाठी ते भिंतीतून आरपार पाडले होते आणि दुरुस्तीच्या वेळी जाणूनबुजून तसेच ठेवले. जवळून पाहिले तर कडेचे चौकोनी दगड काही ठिकाणी तुटलेले, काही ठिकाणी नुसते सुटलेले दिसतात. दुसरी गोष्ट म्हणजे एका कपाटातले, आगीत वितळून एकमेकांना चिकटलेल्या काचेच्या आणि धातूच्या वस्तूंचे गोळे. जतनशास्त्र शिकवताना आम्ही ‘नुकसानीची नोंद ठेवा’ असे विद्यार्थ्यांना सांगत असतो. तशी नोंद एवढ्या प्रामाणिकपणे ठेवलेली मी त्यापूर्वी पाहिली नव्हती, आणि लेबनॉनमध्ये सरकारच्या हातून युद्धाची इतकी उघड कबुली दुसरीकडे फार कमी ठिकाणी दिसली. त्याच रस्त्यावर सोदेको चौकात 1924 च्या सुमारास वास्तुकार युसुफ अफ्तिमुस यांनी आराखडा केलेली बरकात इमारत आहे. तिच्या कोपऱ्याची रचना अशी मोकळी की चारही रस्ते दिसावेत, आणि त्याच गुणामुळे ती युद्धात नेमबाजांचा अड्डा झाली. वास्तुकार मोना हल्लाक यांनी ती पाडली जाऊ नये म्हणून अनेक वर्षे लढा दिला, 2003 मध्ये महापालिकेने ती संपादित केली आणि आता ती ‘बैत बैरूत’ या नावाने जतन केलेली आहे. मी होते तेव्हा तिचे रोजचे वेळापत्रक नव्हते, प्रदर्शन असेल तेव्हाच ती उघडत असे, म्हणून जाणाऱ्याने तारखा आधी पाहाव्यात.

प्रबंधाचा मुख्य भाग होता शहराचा मध्यभाग आणि ‘सोलिदेअर’ ही कंपनी. 1991 च्या एका कायद्याने खाजगी कंपनीला एका संपूर्ण भागाची पुनर्बांधणी देण्याची तरतूद केली, आणि पंतप्रधान रफिक हरीरी (साद यांचे वडील) यांच्या काळात मे 1994 मध्ये सोलिदेअर स्थापन झाली. क्षेत्र 191 हेक्टर, त्यातले सुमारे 73 हेक्टर समुद्रात भराव घालून मिळवलेले. मध्यभागातल्या सर्व मालकांच्या आणि भाडेकरूंच्या हक्कांचे मूल्यांकन करून त्याबदली त्यांना कंपनीचे ‘अ’ वर्गाचे समभाग दिले गेले, ते 1.17 अब्ज डॉलरचे होते. बाहेरच्या गुंतवणूकदारांनी 65 कोटी डॉलरचे ‘ब’ वर्गाचे समभाग घेतले. जतनासाठी निवडलेल्या इमारतींच्या मालकांना अटी पाळून इमारत परत घेण्याची मुभा होती. बाकीचा बराच जुना बाजार जमीनदोस्त झाला. मात्र पाडापाड कंपनीच्या आधीच, 1983 आणि 1992 मध्ये मोठ्या प्रमाणावर झाली होती, हे विसरून चालत नाही.

मला आकड्यांपेक्षा एक मिळकत हवी होती, जिचा प्रवास कागदोपत्री शेवटपर्यंत दाखवता येईल. ओळखीतून ओळख काढत मी एका वृद्ध गृहस्थांपर्यंत पोचले. त्यांच्या आजोबांचे जुन्या बाजारात कापडाचे दुकान होते. लेबनॉनमध्ये प्रत्येक मिळकत 2,400 हिश्श्यांत मोजली जाते. वारसा होत होत त्या दुकानाचे हिस्से पंधराएक नातेवाइकांत विखुरले होते, त्यातले काही ब्राझीलला, काही कॅनडाला. दुकानाची जागा पगडीसारखी रक्कम देऊन घेतलेल्या एका भाडेकरूकडे होती. मुंबईतल्या जुन्या चाळींचे खटले पाहिलेल्या माणसाला हे सगळे ओळखीचे वाटेल: लेबनॉनमध्येही जुन्या करारांची भाडी गोठलेली होती, आणि 2014 चा नवा भाडेकायदा व 2017 मधल्या त्याच्या दुरुस्तीवरून मालक व भाडेकरू रस्त्यावर उतरले होते. या वृद्ध गृहस्थांनी मला समभागांची प्रमाणपत्रे प्लास्टिकच्या पाकिटातून काढून दाखवली. दहा डॉलर दर्शनी किमतीचा समभाग 2018 मध्ये दहा डॉलरच्याही खाली होता. ते म्हणाले की दुकान परत मिळणार नाही हे आम्ही मानले होते, पण शेजार परत मिळेल असे वाटले होते. माझ्या संपूर्ण प्रबंधातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य मी हेच मानते, आणि मूल्यांकनाच्या कोणत्याही तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

नवा मध्यभाग देखणा आहे, हेही मी तितक्याच स्पष्टपणे लिहिले आहे. पिवळसर दगडाच्या कमानी, नव्याने घासून काढलेले नक्षीकाम, रस्त्याखाली सापडलेले रोमन स्नानगृह मोकळे ठेवून केलेली आखणी, हे काम कसबी हातांचे आहे. रोमन काळात हे शहर कायद्याच्या विद्यालयासाठी प्रसिद्ध होते आणि इ.स. 551 च्या भूकंपाने ते उद्ध्वस्त झाले. उत्खननामुळे तो काळ पुन्हा उजेडात आला. पण 2018 च्या वसंतात संसदेसमोरच्या नज्मा चौकात मी दुपारच्या वेळी मोजणी करायला उभी राहिले की पोलीस आणि कबुतरे सोडली तर माणसे फारशी नसत, दुकानांच्या काचांना आतून कागद लावलेले असत. शेजारच्या हुतात्मा चौकातला पुतळा दुरुस्त करून 2004 मध्ये परत बसवला आहे. त्याच्या अंगावरची गोळ्यांची छिद्रे मात्र तशीच ठेवली आहेत. मोजमापे आणि फोटो घेताना सैनिक थांबवतात. हॉलिडे इन हॉटेलचा युद्धात भग्न झालेला सांगाडा किंवा अर्धवट राहिलेली मुर्र टॉवर ही इमारत यांच्याकडे कॅमेरा वळवण्याचा विचारही परवानगीशिवाय करू नये. लष्कराच्या मार्गदर्शन संचालनालयाकडे लेखी अर्ज करता येतो. त्यात रस्त्यांची नावे आणि तारखा नेमक्या द्याव्यात.

युद्धात बेपत्ता झालेल्या माणसांविषयी माझ्या आराखड्यात आधी काहीच नव्हते. संग्रहालयाच्या तळघरातून बाहेर पडल्यावर वाटू लागले की वस्तू इतक्या जपल्या गेल्या, मग माणसांचे काय. सुमारे 17,000 जण बेपत्ता झाल्याचा आकडा सर्वत्र दिला जातो. विदाद हलवानी यांचे पती 1982 मध्ये नेले गेले. त्यांनी त्याच वर्षी अपहृतांच्या कुटुंबांची समिती स्थापन केली आणि ती अजून चालू आहे. 1995 च्या कायद्याने कुटुंबांना आपला माणूस मृत जाहीर करून घेण्याची ‘सोय’ दिली. पण ज्या आईला तो जिवंत असेल असे वाटते, तिने तो अर्ज स्वतःच्या हाताने कसा भरावा? 2000 साली नेमलेल्या सरकारी चौकशी समितीने काही सामूहिक दफनांच्या जागा नावानिशी नोंदवल्या आणि तरी उत्खनन झाले नाही. त्या समितीची संपूर्ण फाइल मिळण्याचा कुटुंबांचा हक्क ‘राज्य परिषद’ या प्रशासकीय न्यायालयाने 2014 मध्ये मान्य केला. एप्रिल 2005 पासून कित्येक वर्षे या कुटुंबांनी मध्यभागातल्या एका बागेत, नव्या चकचकीत इमारतींच्या शेजारी, तंबू ठोकून धरणे धरले होते. दोन्ही मुले 1985 साली नाहीशी झालेली एक आई 2009 मध्ये त्या तंबूजवळ रस्ता ओलांडताना गाडीखाली सापडून गेली. नोव्हेंबर 2018 मध्ये, मी परतल्यावर काही महिन्यांनी, बेपत्तांचा शोध घेण्यासाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा 105 क्रमांकाचा कायदा संसदेने मंजूर केला. ती बातमी वाचून मी रडले आणि मग त्या प्रकरणाचा मसुदा नव्याने लिहायला घेतला.

या भागाची कागदपत्रे मला मुख्यतः बैरूतच्या दक्षिण उपनगरातील हारेत हुरैक येथील ‘उमम’ या खाजगी दस्तऐवज केंद्रात पाहायला मिळाली. वर्तमानपत्रांची कात्रणे, पत्रके, बेपत्तांचे फोटो असे सरकारने न जपलेले पुष्कळ तिथे जपलेले आहे. भेटीची वेळ ईमेलने ठरवावी लागे. या केंद्राचे एक संस्थापक लुकमान स्लीम यांची फेब्रुवारी 2021 मध्ये दक्षिण लेबनॉनमध्ये हत्या झाली. तेव्हापासून तिथल्या कात्रणांच्या प्रती चाळताना मला फार वेगळे वाटते.

त्रिपोलीला आणि दक्षिणेलाही जाऊन आले. त्रिपोलीत ऑस्कर निमायर यांनी आखलेले, युद्धामुळे 1975 मध्ये अर्धवट राहिलेले प्रदर्शन संकुल पाहायचे होते. पाच वर्षांनी, 2023 मध्ये, ते जागतिक वारशाच्या धोक्यातील यादीत गेले. सूर शहरापर्यंत मला वेगळी परवानगी लागली नाही, पण इस्रायलच्या सीमेलगतच्या गावांसाठी परदेशी व्यक्तीला सैदा येथील लष्करी गुप्तवार्ता कार्यालयातून परवाना घ्यावा लागतो. पासपोर्टच्या प्रती, गावांची यादी आणि सोबतच्या चालकाची माहिती घेऊन सकाळी लवकर जावे. इब्ल अल-साकी या गावात 1998 पासून संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतील भारतीय तुकडी आहे, आणि तिथल्या दुकानदारांना चार हिंदी शब्द सहज येतात. त्या भागात लाल खुणांच्या पलीकडे शेतात पाऊल टाकू नये, कारण इस्रायल आणि हिजबुल्ला ही लेबनॉनमधली सशस्त्र संघटना यांच्यातल्या 2006 च्या युद्धातले न फुटलेले क्लस्टर बाँब तिथे अजून सापडतात.

6 मे 2018 ला नऊ वर्षांनी संसदेची निवडणूक झाली, आणि उन्हाळ्यात मी पुण्याला परतले. दुसरा टप्पा 2020 साठी ठरवला होता. ऑक्टोबर 2019 मध्ये लोक सरकारविरोधात रस्त्यावर उतरले, बँकांनी खातेदारांचे पैसे अडवून धरले, मार्च 2020 मध्ये देशाने परदेशी कर्जाचा हप्ता बुडवला, त्यात कोरोना आला, आणि 4 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी बंदरात साठवलेल्या 2,750 टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला. दोनशेहून अधिक माणसे गेली. जइतावी बंदरापासून जवळ आहे. माझी घरमालकीण वाचली, घराच्या खिडक्या चौकटींसकट आत आल्या. पहाटेपर्यंत तिचा फोन लागत नव्हता, ती रात्र मी कधी विसरणार नाही.

मे 2023 मध्ये दुसऱ्यांदा गेले तेव्हा डॉलरला पंचाण्णव हजारांच्या आसपास लिरा मिळत होते. 2018 च्या माझ्या खर्चवहीचा त्या देशाशी काही संबंध उरला नव्हता. भाडे, जनरेटर, किराणा, सगळे रोख डॉलरमध्ये. एटीएमच्या भरवशावर जाऊ नये, नोटा नव्या आणि न दुमडलेल्या न्याव्यात, लहान रकमेच्या जास्त न्याव्यात. सरकारी वीज दिवसातून थोडेच तास येई. राष्ट्राध्यक्षपद ऑक्टोबर 2022 च्या अखेरीपासून रिकामे होते. पगाराची किंमत उरली नसल्यामुळे सरकारी कर्मचारी वारंवार संपावर होते आणि मुद्रांकांचा तुटवडा इतका होता की ते काळ्या बाजारात मिळत. एका नोंदणी कार्यालयातून त्या कापड दुकानाच्या मिळकतीचा अद्ययावत उतारा मला हवा होता. कधी वीज नाही, कधी लेखनिक नाही, कधी मुद्रांक नाही. ज्या दिवशी तिन्ही होते त्या दिवशी नोंदवहीच सापडली नाही. शेवटी त्या गृहस्थांच्या घरात जपलेली 1960 च्या दशकातली प्रत, तिचे शपथपूर्वक केलेले भाषांतर आणि ‘मूळ उपलब्ध झाले नाही’ अशी माझी टीप, एवढ्यावर ते प्रकरण उभे राहिले. परीक्षकांनी ते मान्य केले. अशा ठिकाणी काम करणाऱ्यांनी मिळेल तो कागद पहिल्याच भेटीत छायाचित्रित करून घ्यावा, मालकाची लेखी संमतीही त्याच दिवशी घ्यावी. मी 2018 मध्ये ते केले नसते तर प्रबंध अपुरा राहिला असता.

ऑक्टोबर 2023 पासून सीमेवर इस्रायल आणि हिजबुल्ला यांच्यात पुन्हा युद्ध पेटले आणि 2024 च्या शरदात ते बैरूतपर्यंत आले. मी पुण्यात बसून शेवटचे प्रकरण लिहीत होते, आणि दक्षिणेतल्या ज्या गावांची नावे माझ्या परवान्यावर होती ती एकामागून एक बातम्यांत येत होती. 27 नोव्हेंबर 2024 ला युद्धविराम झाला, जानेवारी 2025 मध्ये जोसेफ औन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडले गेले, आणि मार्चमध्ये जागतिक बँकेने पुनर्बांधणी व सावरण्याचा खर्च 11 अब्ज डॉलर असल्याचा अंदाज दिला. मौखिक परीक्षेत पहिलाच प्रश्न त्यावर आला: 1994 च्या अनुभवावरून आता काय वेगळे करावे? मी सांगितले की बांधकामाचे कंत्राट निघण्याआधी हक्कांची नोंद व्हावी, आणि त्या नोंदीत भाडेकरू, विखुरलेले वारस आणि बेपत्ता माणसांच्या नावावरच्या मिळकती यांना वेगळे रकाने असावेत. बेपत्ता मालकाचा हिस्सा आज त्याच्या कुटुंबाला तो मृत जाहीर केल्याशिवाय सहजी मिळत नाही, आणि घर परत मिळवण्यासाठी त्या कागदावर सही करायला लागणे हा अन्याय आहे असे मला वाटते. त्यावर बरीच चर्चा झाली आणि दोन किरकोळ दुरुस्त्यांसह प्रबंध स्वीकारला गेला.

आता कोणी जाणार असेल तर वर दिलेली शुल्के आणि भाडी जुनी समजावीत, आणि सीमेकडच्या भागाविषयी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना निघायच्या आठवड्यात पुन्हा पाहाव्यात. पोचल्यावर बैरूतमधील भारतीय दूतावासात नाव नोंदवावे. जुलै 2006 मध्ये युद्ध भडकले तेव्हा नौदलाने आयएनएस मुंबई आणि इतर जहाजांतून लोकांना बाहेर काढले होते, आणि अशा वेळी नोंद असलेल्या माणसाशी संपर्क साधणे सोपे जाते. मूळ कागदांच्या प्रती तीन संचांत न्याव्यात: एक अंगावर, एक खोलीवर, एक घरमालकाकडे.